स्पाइनच्या केसमध्ये लेव्हल चुकू नये म्हणून: आधी पाय, मग फिल्म, मग सी-आर्म

पेशंटला काय होतंय असं विचारलं की बहुतेक रेसिडेंट एमआरआयचं पाकीट पुढे करतात आणि 'एल४-५ डिस्क (कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यामधली) आहे सर' म्हणून मोकळे होतात. पायाची पॉवर विचारली की मग घोळ. एकदा फिल्म डोक्यात बसली की तपासणीत नेमकं तेच सापडतं जे फिल्मने सांगितलंय, आणि पुढे लेव्हल (कुठल्या दोन मणक्यांमध्ये ऑपरेशन करायचं ते) चुकणं, साइड चुकणं, 'ही वीकनेस ऑपरेशनच्या आधी होती का' या प्रश्नावर गप्प बसणं, हे सगळं त्याच्या मागोमाग येतं. म्हणून हा क्रम लिहून काढतोय. लंबर (कंबरेची) डिस्क आणि कॅनाल स्टेनोसिस (मणक्यांमधली नळी अरुंद होणं) धरून लिहिलंय, मान जिथे आडवी येते तिथे तेवढ्यापुरतं.

१. पेशंटकडे जायच्या आधी

हॅमर, कापूस, नवीन पिन (वापरून झाली की टाकायची, दुसऱ्याला लावायची नाही), ग्लोव्ह्ज आणि एक छापील चार्ट ज्यात डाव्या-उजव्या पायाचे वेगळे कॉलम आहेत. चार्ट नसेल तर कोऱ्या कागदावर आखा पण आखाच. मी पहिल्या वर्षाला असताना एका पेशंटच्या कागदावर 'पॉवर ग्रॉसली नॉर्मल' असं लिहिलं होतं. ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी त्याचा अंगठा वर येईना. सरांनी विचारलं आधी येत होता का, आणि मला खरंच सांगता येईना. पेशंट म्हणाला 'आधीपासून थोडा कमीच होता हो', तेव्हा जीव भांड्यात पडला, पण ते कागदावर कुठेच नव्हतं. त्या दिवसापासून 'ग्रॉसली' हा शब्द मी लिहीत नाही.

एमआरआयचं पाकीट या वेळी बंदच ठेवायचं. रिपोर्टही वाचायचा नाही.

२. रूटचा हिशोब डोक्यात पक्का करा

इथे गोंधळ असेल तर पुढचं सगळं वाया. लंबरमध्ये रूट (कण्यातून निघणारी नस) स्वतःच्याच नंबरच्या पेडिकलखालून (मणक्याचा पुढचा आणि मागचा भाग जोडणारा हाडाचा खांब) बाहेर पडते. एल४ रूट एल४ च्या पेडिकलखालून निघते, म्हणजे एल४-५ च्या डिस्कपाशी पोचेपर्यंत ती फोरामेनमध्ये (रूट बाहेर पडायचं भोक) वर आणि बाहेरच्या बाजूला गेलेली असते. म्हणून एल४-५ ची नेहमीची पोस्टरोलॅटरल (मागे आणि थोडी बाजूला सरकलेली) डिस्क दाबते ती खाली उतरणारी एल५. तीच डिस्क फार लॅटरल, फोरामेनमध्ये किंवा त्याच्याही बाहेर असेल तर दबते एल४. एकच लेव्हल, डिस्कची जागा बदलली की रूट बदलली.

मानेत हिशोब वेगळा. तिथे रूट आपल्या नंबरच्या पेडिकलच्या वरून निघते, म्हणून सी५-६ ची डिस्क सी६ ला दाबते, आणि सी८ नावाचा मणका नसला तरी सी८ रूट आहे, ती सी७ आणि टी१ (छातीचा पहिला मणका) च्या मधून येते.

अजून एक आकडा लागतो तो कोनसचा, म्हणजे कॉर्डच्या टोकाचा. मोठ्या माणसात कॉर्ड साधारण एल१-एल२ ला संपते, त्याखाली कॉडा इक्वायना, म्हणजे रूट्सचा झुपका. म्हणजे निव्वळ एल४-५ च्या दुखण्यात बॅबिन्स्की (तळवा खरवडल्यावर अंगठा वर जाणं) पॉझिटिव्ह येऊच शकत नाही. आला तर वर काहीतरी आहे.

३. ऐकून घ्या

पाय जास्त दुखतो की कंबर, हा पहिला प्रश्न. डिस्केक्टमीने (डिस्कचा दाबणारा भाग काढून) पाय बरा होतो, कंबरेची खात्री देता येत नाही, आणि हे ऑपरेशनच्या आधी पेशंटला न सांगितल्यामुळे नंतर किती कटकट होते ते फॉलोअपला बसलात की कळेलच.

मग चालण्याबद्दल. चालताना पाय भरून येतात, बसलं किंवा पुढे वाकलं की बरं वाटतं, सायकल मात्र आरामात चालवता येते, हे स्टेनोसिसचं. नुसतं उभं राहून थांबलं तरी आराम पडतो, वाकायची गरज नाही, सायकलवरही पिंढरी धरते, तर रक्तवाहिन्यांकडे बघा, पायाच्या पल्सेस हाताने लावून बघा. दोन्ही एकाच माणसात असू शकतात, वय बघता बऱ्याचदा असतातही.

ताप, वजन उतरणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, आधीचा कॅन्सर, बरेच दिवसांचे स्टेरॉइड, हे सगळ्यांना विचारायचं, तरुण दिसतोय म्हणून सोडायचं नाही. आणि लघवी. 'लघवीचा काही त्रास?' असं विचारलं तर माणूस लाजून नाही म्हणतो. 'लघवी होताना कळतं का, जोर करावा लागतो का, पुसताना हात लागलेला समजतो का' असं सरळ विचारा.

सावधान: दोन्ही पाय दुखतायत, बसायची जागा बधिर आहे, लघवी अडतेय, यातलं काहीही निघालं तर उरलेला क्रम सोडा. पेरिॲनल सेन्सेशन (गुदद्वाराभोवतीची संवेदना) बघा, लघवी करून आल्यावर ब्लॅडरमध्ये किती उरली ते स्कॅनने मोजा (२०० मिलीच्या वर असेल तर कॉडा इक्वायना दबलाय असं धरूनच चाला), तातडीचा एमआरआय आणि सीनिअरला फोन. सकाळच्या राउंडची वाट बघायची नाही.

४. तपासणी, याच क्रमाने

आधी चालायला लावा. टाचांवर, मग चवड्यांवर, मग एका सरळ रेषेत पायापुढे पाय. रेषेत चालताना झोकांड्या जात असतील तर हात तपासायला घ्या. हॉफमन (मधल्या बोटाचं टोक झटकलं की अंगठा आत वळतो का), सुपिनेटर जर्क (मनगटाजवळ हॅमर मारल्यावरचा झटका) उलटा येतो का, बोटांची मूठ पटापट उघडमीट होते का. कंबरेच्या एमआरआयवर भरपूर स्टेनोसिस, पायाचे जर्क मात्र उड्या मारतायत, असा पेशंट आला तर मानेत मायलोपॅथी (कॉर्ड दबून बिघडणं) आहे असं समजूनच पुढे जायचं. त्याची कंबर आधी उघडली तर चालणं सुधारत नाहीच, वर ट्यूब टाकताना आणि प्रोन (पालथं) करताना मान वाकते ते वेगळं.

मग झोपवून पॉवर. हिप, मग नी, मग अँकल, मग अंगठा, दोन्ही बाजू एकापाठोपाठ. क्वाड्रिसेप्ससाठी एल३-एल४, अँकल वर ओढण्यासाठी मुख्यतः एल४ आणि एल५, अंगठा वर करायला एल५, चवडा खाली दाबायला एस१ (सेक्रमची पहिली रूट). एमआरसी ग्रेड ० ते ५ (० म्हणजे हालचालच नाही, ५ म्हणजे पूर्ण ताकद), प्रत्येक स्नायूसमोर आकडा.

इथे दोन चुका इतक्या नेमाने होतात की त्या जवळून दाखवतो.

पहिली एस१ ची. पेशंट झोपलेला, तुम्ही तळव्याला हात लावून 'दाबा' म्हणता, तो दाबतो, तुम्ही ५ लिहिता. पिंढरीचा स्नायू इतका ताकदवान असतो की अर्धा गेला तरी तुमच्या हाताला हरवतो. त्याला उभा करा, भिंतीला दोन बोटं टेकवायला सांगा, एका पायावर टाच दहा वेळा उचलायला लावा. चांगला पाय दहाच्या दहा वेळा उचलतो आणि दुखरा चौथ्या-पाचव्याला टाच जेमतेम सुटते, गुडघा वाकवून चोरी सुरू होते. ही वीकनेस झोपवून कधीच सापडली नसती.

दुसरी फूट ड्रॉपची. पाऊल पडलंय म्हणजे एल५, असं नाही. फिब्युलाच्या (पोटरीतलं बाहेरचं बारीक हाड) मानेजवळ कॉमन पेरोनियल नर्व्ह दबली तरी पाऊल पडतं. ओळखायचं कसं, तर पाऊल खाली झुकलेलं ठेवून आतल्या बाजूला वळवायला सांगा. ते काम टिबियालिस पोस्टिरियरचं, त्याला टिबियल नर्व्ह आणि रूट एल५. पाऊल खाली ठेवायचं ते टिबियालिस अँटिरियरने मदत करू नये म्हणून. आत वळवायची ताकद गेली असेल तर एल५, शाबूत असेल तर पेरोनियल. जोडीला कुशीवर झोपवून पाय वर उचलायला लावा, ग्लुटियस मीडियसही एल५ च असतो, पेरोनियल पाल्सीत तो चांगला राहतो. ही टेस्ट लक्षात ठेवा, ऑपरेशननंतर पुन्हा लागणार आहे.

सेन्सेशन पिनने, पोटरीची आतली बाजू एल४, पावलाची वरची बाजू आणि पहिल्या दोन बोटांमधली जागा एल५, पावलाची बाहेरची कड एस१. जर्क दोन, गुडघ्याचा एल४ आणि अँकलचा एस१. एल५ ला रोजच्या वापरातला भरवशाचा जर्क नाही, त्यामुळे जर्क नॉर्मल म्हणून रूट ठीक असं म्हणता येत नाही.

एसएलआर (उताणं झोपवून सरळ पाय वर उचलणं) ३० ते ७० अंशांत, आणि दुखणं गुडघ्याच्या खाली गेलं तरच पॉझिटिव्ह. मांडीच्या मागे ताणलं ते हॅमस्ट्रिंग, कंबर दुखली ती कंबर. चांगला पाय उचलल्यावर दुखऱ्या पायात कळ गेली तर डिस्कची शक्यता खूपच वाढते, त्यामुळे चांगला पाय आधी उचला. वरच्या रूट्ससाठी पालथं झोपवून फीमोरल स्ट्रेच (गुडघा वाकवून मांडी मागे उचलणं). आणि निघता निघता हिप आत वळवून बघा, जांघेत दुखलं तर कदाचित पेशंट चुकीच्या ओपीडीत आलाय.

चेक: एमआरआय उघडायच्या आधी चार्टच्या खाली एक ओळ लिहा, 'डावी एल५ रूट, पॉवर ३' अशी. पेनने. हेच तुमचं निदान, फिल्म त्याची परीक्षा घेणार आहे.

५. आता पाकीट उघडा

आधी नाव आणि तारीख. हसू नका, एकाच नावाचे दोन पेशंट एकाच वॉर्डात असतात. ॲक्सियल (आडवा) कट आपण पायाकडून वर बघतोय असा असतो, म्हणजे पेशंटची उजवी बाजू स्क्रीनच्या डावीकडे.

मग मणके मोजा, डिस्क बघायच्या आधी. सेक्रमपासून (कंबरेखालचं जुळलेलं हाड) वर मोजत जाऊ नका, कारण एल५ सेक्रमला जुळलेला किंवा एस१ सुटा, अशा ट्रान्झिशनल मणक्याचे पेशंट काही दुर्मीळ नाहीत, आणि तिथेच सगळी फसगत. होल स्पाइनचा लोकलायझर (पूर्ण कणा दाखवणारी मोजणीची इमेज) असेल तर सी२ पासून खाली मोजत या. नसेल तर पूर्ण लंबोसेक्रल एक्स-रे शेजारी लावा. रेडिओलॉजिस्टने एका पद्धतीने मोजलं आणि तुम्ही सी-आर्मवर (ओटीतलं एक्स-रे मशीन) दुसऱ्या पद्धतीने, तर दोघंही आपापल्या जागी बरोबर आणि ऑपरेशन चुकीच्या लेव्हलला. ट्रान्झिशनल केसमध्ये मी नोट्समध्ये नंबरासोबत असंही लिहितो, 'खालून मोजलं तर दुसरी हलणारी डिस्क स्पेस'. नंबरावर वाद होऊ शकतो, खालून दुसरी यावर होत नाही.

सॅजिटल (उभ्या कटाच्या) टी२ वर (इथले टी१-टी२ एमआरआयचे प्रकार, मणके नाहीत) कॅनाल आणि कोनस, सॅजिटल टी१ चे कडेचे कट फोरामेनसाठी (रूटच्या भोवतीचं पांढरं फॅट गायब झालं असेल तर ती दबली आहे), स्टर (STIR, सूज उजळ दाखवणारा एमआरआयचा प्रकार) असेल तर मणक्यातली सूज. ॲक्सियल कट प्रत्येक लेव्हलचा बघा, फक्त सर्वांत वाईट दिसणाऱ्याचा नको, कारण सर्वांत वाईट दिसणारी डिस्क कित्येकदा निरुपद्रवी असते. काहीही त्रास नसलेल्या माणसांच्या एमआरआयवरही फुगलेल्या डिस्क सापडतात. शेवटी कडा बघा, किडनी, एओर्टा (मुख्य धमनी), सोआस (कण्याच्या बाजूचा स्नायू).

आधी ऑपरेशन झालेलं असेल तर गॅडोलिनियमचा कॉन्ट्रास्ट मागा. जुना स्कार उजळतो, नव्याने आलेली डिस्क आतून उजळत नाही, फार तर कडेला.

६. जुळवणी

पेनने लिहिलेली ओळ आणि फिल्म जुळली तर पुढे. जुळली नाही तर थांबा, आणि ओळ खोडू नका. परत पेशंटकडे जा, तपासा, फार लॅटरल डिस्क राहिली का बघा, मोजणी परत करा, गरज पडली तर सिलेक्टिव्ह रूट ब्लॉक (एकच रूट बधिर करून दुखणं थांबतं का बघणं). लक्षणं बदलली असतील, म्हणजे आधी डावा दुखत होता आता उजवा, किंवा पाय आपोआप बरा व्हायला लागलाय, तर नवीन एमआरआय, कारण सुटलेला तुकडा सरकतोही आणि विरतोही.

७. टेबलवर

पालथं घालायच्या आधी साइड मार्क झालेली हवी, पेशंट जागा असताना त्याच्याकडून वदवून घेतलेली. पोट लोंबतं मोकळं पाहिजे. पोटावर दाब आला की व्हीना केव्हामधलं (पोटातली मोठी शीर) प्रेशर वाढतं, एपिड्यूरल व्हेन्सना (कॅनालमधल्या शिरा) व्हाल्व नसतात, त्या फुगतात आणि मग आत नुसतं रक्त. पोझिशन नीट लावायला गेलेली दहा मिनिटं आत वाचतात.

डोळ्यांवर काहीही टेकत नाही हे स्वतः वाकून बघा. दंड ९० अंशांपेक्षा जास्त बाहेर नको, कोपराखाली पॅड, एएसआयएसवर (कमरेच्या हाडाचं पुढचं टोक) बोल्स्टरची कड रुतत नाही ना, गुडघ्याच्या बाहेर फिब्युलाची मान कशाला टेकत नाही ना. ही शेवटची जागा हमखास राहते.

८. लेव्हल दोनदा

एकदा स्किनवर आणि एकदा हाडावर. स्किनवरची सुई जाड पेशंटमध्ये थोडी तिरपी गेली तरी आत लेव्हल बदलते, म्हणून सुई जमिनीला काटकोनात, आणि फॅसेटच्या (दोन मणक्यांमधला मागचा सांधा) बाजूला हाड लागेपर्यंत, इंटरलॅमिनार खिडकीतून (दोन लॅमिनांमधली, म्हणजे मणक्यांच्या मागच्या पट्ट्यांमधली फट) आत नाही (मार्किंगच्या सुईने ड्युरा, म्हणजे रूट्सवरचं आवरण, टोचल्याचं पाहिलंय). इलियक क्रेस्टवरून (कमरेच्या हाडाची वरची कड) अंदाज घेणं फक्त सुई कुठे लावायची त्यासाठी, त्यावर लेव्हल ठरत नाही.

एक्स्पोजर झालं की परत शूट. वरच्या लॅमिनाच्या खालच्या कडेखाली बोथट प्रोब किंवा फॅसेटवर मार्कर, हलणार नाही असं काहीतरी. पिक्चर खरा लॅटरल पाहिजे, एंडप्लेट्स एका रेषेत, आणि फ्रेममध्ये सेक्रम दिसलाच पाहिजे. सेक्रम कापला गेलाय आणि सगळे 'चार-पाच आहे' म्हणतायत, असा फोटो चालवून घेऊ नका. एमआरआय आणि एक्स-रे ओटीत समोर लावून, मोजणारा एक आणि खात्री करणारा दुसरा. पिक्चर सेव्ह करा.

हेही ध्यानात ठेवा की एल५-एस१ ला खिडकी मोठी असते आणि डिस्क साधारण तिच्याच पातळीवर सापडते, पण जसजसं वर जाल तसतशी डिस्क लॅमिनाच्या मागे लपत जाते. त्यामुळे वरच्या लेव्हलला लॅमिनाची खालची कड जास्त काढावी लागते, आणि पार्स (वरच्या आणि खालच्या फॅसेटमधला हाडाचा दुवा) बारीक होऊन नंतर तुटायची भीती तिथेच जास्त. फॅसेटचा अर्ध्याहून कमी भाग काढायचा, पार्सकडे जाताना हात आवरायचा.

चेक: आत गेल्यावर डिस्क अगदीच निर्दोष दिसतेय, रूट मोकळी आहे, फिल्मवरचा तुकडा सापडत नाहीये, तर खोदत बसू नका. परत सी-आर्म. आधी लेव्हलवर संशय घ्या, मग एमआरआयवर.

९. आत काय बिघडू शकतं

ड्युरा फाटला तर पहिली प्रतिक्रिया सक्शन घालायची असते, तीच चूक, कारण रूटलेट्स त्यात ओढल्या जातात. कॉटनॉइड (ओल्या कापसाची चपटी पट्टी) ठेवा, त्यावरून सक्शन करा, फाटलेल्याच्या दोन्ही कडा दिसतील इतकं हाड काढा, शिवा, ॲनेस्थेटिस्टला व्हाल्साल्व्हा (छातीत हवा रोखून दाब वाढवणं) द्यायला सांगून गळतंय का बघा. आणि नोट्समध्ये लिहा, पेशंटलाही सांगा. लपवलेला ड्यूरल टेअर उठून बसलं की डोकेदुखी आणि झोपलं की आराम, अशा रूपात बाहेर येतोच, नाहीतर ड्रेसिंगवर पाणी दिसतं.

डिस्कमध्ये रॉन्जर (तुकडे काढायचा चिमटा) घालताना खोलीचा अंदाज सुटला की पुढचा ॲन्युलस (डिस्कचं बाहेरचं कडं) पार करून तो मोठ्या रक्तवाहिन्यांपर्यंत जातो, एओर्टा साधारण एल४ ला दुभागतो त्यामुळे एल४-५ ला समोर तेच असतं. यातला धोका असा की रक्त जखमेत यायलाच पाहिजे असं नाही, ते रेट्रोपेरिटोनियममध्ये (पोटाच्या पिशवीमागची जागा) साठतं. डिस्क काढताना अचानक बीपी खाली आणि पल्स वर, जखम मात्र कोरडी, तर ॲनेस्थेशियाला दोष देत बसू नका, व्हॅस्क्युलर सर्जनला बोलवा, उताणं करून पोट उघडायची तयारी.

पेडिकल स्क्रू असतील तर टॅप आणि स्क्रूच्या आधी बोथट प्रोबने चारही भिंती आणि तळ हाताला लागला पाहिजे. रूट पेडिकलच्या आतल्या आणि खालच्या भिंतीला चिकटून जाते, तिथली भिंत लागली नाही तर ट्रॅक बदला.

१०. पहिली रात्र

पेशंट जागा झाला की रिकव्हरीतच तोच चार्ट घेऊन दोन्ही पाय, पेरिॲनल सेन्सेशन, आणि समोरचं काहीतरी वाचून दाखवायला सांगा (प्रोननंतर नजर गेल्याचं उशिरा कळून उपयोग नसतो). त्यानंतर सुरुवातीचे काही तास दर तासाला, तेच स्नायू, त्याच क्रमाने.

बिघाड कधी झाला यावरून निम्मं निदान होतं. जागा होताच वीकनेस असेल तर ओटीतलं काहीतरी, रूट जास्त ओढली, स्क्रू आत गेला किंवा पोझिशन. नवीन फूट ड्रॉप असेल तर ती आत वळवण्याची टेस्ट आता परत करा, टिबियालिस पोस्टिरियर चांगला असेल तर कदाचित तुमच्या रूटचा नाही, गुडघ्याखालच्या पॅडचा प्रश्न आहे. पण स्क्रू असतील तर सीटी केल्याशिवाय असं म्हणून सोडू नका.

जागा झाल्यावर सगळं ठीक होतं आणि काही तासांनी बिघडलं, तर हिमॅटोमा (आत साठलेलं रक्त). हे असं येतं बघा. रात्री साडेअकरा, सिस्टरचा फोन, पेशंट फार कण्हतोय, दोन इंजेक्शनं दिली, फरक नाही. तुम्ही फोनवरच तिसरं सांगता आणि कूस बदलता. उठून गेलात तर तो म्हणतो 'पाय जड झालेत, खाली बधिर वाटतंय'. ड्रेन बाटली जवळपास रिकामी. त्याने दिलासा वाटून घेऊ नका, ड्रेन गुठळीने चोंदला की बाटली रिकामीच राहते आणि रक्त आत साठतं. दुपारी ५ असलेली अँकलची पॉवर आता ३, पिन लागत नाही. अशा वेळी काही खायला-प्यायला द्यायचं नाही, सीनिअरला लगेच फोन, ओटीला सांगणं, रक्ताची तयारी, अँटिकोॲग्युलंट चालू असेल तर थांबवणं. एमआरआय लगेच मिळत असेल तर करा, पण पॉवर डोळ्यांदेखत उतरत असताना स्कॅनच्या रांगेत पेशंट ठेवायचा नाही, सरळ उघडायचं.

मानेच्या पुढून केलेल्या केसमध्ये रात्रीचा हिमॅटोमा श्वासावर येतो. गळा फुगलाय, आवाज बदललाय, श्वासाला त्रास होतोय, तर ॲनेस्थेशियाला हाक मारा आणि जखमेचे टाके जागच्या जागी, बेडवरच उघडा. त्याचं सामान बेडशेजारी आधीच ठेवलेलं असावं.

११. पुढचे दिवस

सीआरपी (सूज-इन्फेक्शनमध्ये वाढणारी रक्ततपासणी, ईएसआरही तसाच) ऑपरेशननंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चढतो आणि साधारण दोन आठवड्यांत उतरतो. उतरून परत चढला तर इन्फेक्शन शोधा. ईएसआर कित्येक आठवडे वर राहतो, त्यावरून घाबरू नका. डिस्कायटिसचा (डिस्कचं इन्फेक्शन) पेशंट टिपिकल असतो, पाय बरा झालेला, घरी गेलेला, आणि काही आठवड्यांनी कंबरेत असे क्रॅम्प की कूस बदलता येत नाही. जखम वरून स्वच्छ दिसते आणि ताप असेलच असं नाही, म्हणून त्याला कोणीतरी मसल रिलॅक्संट देऊन परत पाठवतं. सीआरपी आणि एमआरआय केल्याशिवाय पाठवू नका, आणि पेशंट स्थिर असेल तर बायोप्सी घेऊन मगच अँटिबायोटिक सुरू करा.

पाय बरा होऊन काही काळाने तसाच, त्याच बाजूला दुखायला लागला तर डिस्क परत आली असेल. पाय मुळात कधी बरा झालाच नाही, तर सी-आर्मचा सेव्ह केलेला पिक्चर काढा, एमआरआय आणि एक्स-रे शेजारी लावा आणि लेव्हल परत मोजा.